नागपूरहून दिवेलागणीपर्यंत

ती घटना आठवायला मला आजही निमित्त लागत नाही. दुपारचा चहा घेऊन ओट्यावर बसलेलो असतो, पूर्वेकडून एखादं विमान मुंबईच्या दिशेने खाली येत जातं आणि माझा कप हातातच राहतो. "बाबांचं विमान आलं," असं म्हणून घरचे हसतात. हसू देत. विमानाशी माझी ओळख कशी झाली हे त्यांना तुकड्या-तुकड्यांनी माहीत आहे. आज सलग सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहापूर-मुरबाड भागातल्या एका पोलीस ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. गाव आणि माणसं अजून तिथेच आहेत, म्हणून नावं गाळतो.

मे महिना होता. शेतांत राब भाजून झाले होते, काही ठिकाणी चालू होते. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर झाडांची पानांसकट तोडलेली टहाळ, शेण, गळलेल्या पानांचा पातेरा पसरून तो जाळतात, त्याला राब म्हणतात. या टहाळीवरून जेवढी भांडणं होतात तेवढी बहुधा सोन्यावरूनही होत नसतील. बांधावरच्या झाडाची फांदी कुणी तोडायची, यावरून सख्खे भाऊ वर्ष-वर्ष बोलत नाहीत, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलं.

त्या दिवशी संध्याकाळी मुरबाडच्या दवाखान्यातून ठाण्यात निरोप आला, डोक्याला जबर मार लागलेला एक म्हातारा आणलाय, बेशुद्ध आहे. मी दोन शिपाई घेऊन गेलो. जखम पाठीमागून, जड दांडक्याची. गुराख्यांना तो आपल्या मालकीच्या सागांपाशी पडलेला सापडला होता. डॉक्टरांनी त्याला ठाणे शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवलं, त्याची बायको सोबत गेली. फिर्याद अज्ञात इसमाविरुद्ध नोंदवली, खुनाचा प्रयत्न, कलम ३०७.

तासाभरात बीट हवालदार खबर घेऊन आला. गावातला एक इसम सांगत होता की म्हाताऱ्याच्या पुतण्याला त्याने हातात दांडकं घेऊन ओहोळातून वर येताना पाहिलं. केव्हा? तर चारची एसटी रस्त्याने गेली तेव्हा. गावात घड्याळं होती, पण वेळ सांगायची ती एसटीवरूनच, आणि सहसा ती बिनचूक असायची. शिवाय काका-पुतण्याचं आठवड्यापूर्वीच वाजलं होतं. बांधावर एक ऐनाचं झाड होतं, त्याची टहाळ काकाने तोडली. पुतण्याने चारचौघांत "बघून घेईन" म्हटलं. पोलिसाला एवढं पुरतं.

हा पुतण्या वाशिंदच्या एका कारखान्यात फिटर. शीतगृहाच्या पायपा जोडायचं काम करी आणि जिथे काम निघेल तिथे कारखाना त्याला धाडी. घरी बायको नऊ महिने भरलेली. त्या दिवशी सकाळीच तिला मुरबाडच्या दवाखान्यात आणलेलं, त्याच दवाखान्यात जिथे संध्याकाळी काकाला आणलं.

म्हणजे तो येणार तर इथेच, असा माझा होरा होता. दिवे लागत होते तेव्हा तो फाटकातून जवळजवळ धावतच आत आला. खांद्याला पिशवी, कपडे चुरगळलेले. मी नाव विचारलं, तो थांबला. बायकोला अजून अवकाश आहे असं नर्सने सांगितलं होतं, म्हणून तिथे कालवा न करता आम्ही त्याला ठाण्यात आणलं. जाताना त्याने एकदाच मागे वळून पाहिलं. काकाला मारलं म्हणून आपल्याला नेतायत, हे कळल्यावर त्याने पाणी मागितलं आणि हवालदाराने ते दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकशीला बसलो. काल चार वाजता कुठे होतास? म्हणाला, प्रवासात. कुठून कुठे? नागपूरवरनं घरी. सकाळी कुठे होतास? नागपूरलाच. तिथून गावच्या दुकानात फोन केला होता.

त्या फोनचं गावातून आदल्या संध्याकाळीच कानावर आलं होतं आणि त्याची खातरजमाही मी केली होती. गावात एकच फोन, वाण्याच्या दुकानात. वाणी म्हणाला, फोन आला हे खरं. बायकोला दवाखान्यात नेलंय असं मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, मी नागपुरास्नं निघतोय, दिवेलागणीला पोचतो. वाण्याने फोन ठेवून हे बाकड्यावरच्या मंडळींना सांगितलं आणि दुकानात हशा पिकला. मुरबाडच्या बाजूला रेल्वे नाही. लांब जायचं म्हणजे आधी एसटीने नाहीतर जीपने कल्याण गाठायचं आणि मग गाडी. नागपूरची गाडी म्हणजे अख्खी रात्र आणि वर दिवसाचा तुकडा. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला मुरबाडात कसा पोचेल? बाकड्यावरचा एकजण म्हणाला होता, "पुष्पक इमान धाडलाय काय रं त्याला?" तेव्हापासून त्याची ती थट्टाच सुरू झाली. तो कल्याणलाच कुठेतरी बसून गावाला बनवतोय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

खरं सांगायचं तर ठाण्यातही आम्ही तेच धरून चाललो होतो. मी त्याला विचारलं, नागपूरहून कशाने आलास? तो म्हणाला, गाडीने. कुठल्या? नाव चुकलं. किती वाजता सुटली? वेळ चुकली. मधे कुठे थांबली? त्याने जी स्टेशनं सांगितली त्यांचा क्रमही उलटापालटा. मुरलेला गुन्हेगार खोटं पाठ करून येतो. हा तिथल्या तिथे रचत होता आणि प्रत्येक वाक्यागणिक स्वतःच खजील होत होता. एवढं वाईट खोटं बोलणारा माणूस मी क्वचितच पाहिला. पण खोटं ते खोटं. त्याला दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं, पोलीस कोठडी मिळाली.

त्या दुपारी ठाणे शहराहून त्याची काकू आली, जखमीची बायको. नवरा अजून शुद्धीवर नव्हता. ही बाई एसटीने कल्याण, तिथून मुरबाड अशी जबाब द्यायला आली होती, आणि हातात फडक्यात बांधलेली भाकर होती. मला वाटलं, स्वतःसाठी असेल. तिने विचारलं, पोर कुठाय? मी सांगितलं, कोठडीत. ती गजांपाशी गेली, भाकर हवालदाराकडे दिली आणि पुतण्याला म्हणाली, "पोरगी झाली रे. पहाटं. मी बघून आले. बायको बरी हाय, टाकं पडलंत." तो गज धरून खाली बसला. ती वळून माझ्या टेबलाशी आली.

मी विचारलं, पुतण्याशी तुमचं भांडण होतं? ती म्हणाली, "होतं. खोटा कशाला बोलू? टहाळीवरनं जाम बोलला तो आमाला. पन काकाला हात नाय लावनार सायेब. त्याला मी वाढवलाय. तुमी त्याला मारू नका. इचारा, सांगंल तो."

माझ्या नोकरीत जखमीच्या घरच्यांनी संशयिताला भाकर आणून दिल्याचं ते पहिलं आणि शेवटचं उदाहरण. आमच्याकडे उलटं असतं. घरचे येतात ते "साहेब, दोन जास्त द्या" असं सांगायला. ती गेल्यावर मी पुतण्याच्या अंगझडतीत निघालेल्या वस्तू पुन्हा मागवल्या.

थोडे सुटे पैसे, वाशिंद-कल्याणचा पास, रुमाल, चमकत्या कागदातल्या दोन पेपरमिंटच्या गोळ्या आणि कापसाचा एक बोळा. आदल्या दिवशी पंचांसमोर हवालदाराने त्याला विचारलं होतं, कान दुखतो काय रे? त्याने घाईघाईने नकारार्थी मान हलवली होती.

आता इथे माझं नशीब म्हणा. मी आयुष्यात तोवर एकदाच विमानात बसलो होतो, दिल्लीहून एका आरोपीला आणायला. विमान उडायच्या आधी एक बाई तबक घेऊन आली होती. त्यात अशाच गोळ्या होत्या आणि कापूस. वर चढताना कानाला दडे बसतात, म्हणून गोळी चघळायची आणि कापूस कानात घालायचा. माझ्या आरोपीने मूठभर गोळ्या उचलल्या होत्या, म्हणून ते तबक माझ्या लक्षात राहिलं. तो बोळा हातात घेतला आणि बाकड्यावरची थट्टा मला आठवली. नागपूर ते मुंबई विमानाने किती वेळ? सव्वा-दीड तास. रेल्वेला जिथे रात्र लागते तिथे चहाचे दोन कप.

मी त्याला बाहेर आणवलं, खुर्ची दिली, बाकीच्यांना जायला सांगितलं. गाडीबिडीचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "खिडकीपाशी बसला होतास का?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो ओंजळीत तोंड घालून रडायला लागला.

मग सगळं बाहेर आलं. त्याच्यासोबत कारखान्याचे एक इंजिनिअर नागपूरला होते. आपलं काम संपवून इंजिनिअर त्या दिवशी विमानाने परतणार, तिकीट कारखान्याने काढलेलं. हा उरलेलं काम करून मागाहून गाडीने. सकाळी फोनवर बायकोची बातमी ऐकून हा पांढराफटक पडला, तेव्हा बाजूला उभ्या इंजिनिअरांनी फोन चालू असतानाच आपलं तिकीट त्याच्या हातात ठेवलं. म्हणाले, तू जा, तुझं उरलेलं काम मी उरकतो आणि मग गाडीने येतो. तेव्हा देशातल्या देशात उडताना आजच्यासारखं ओळखपत्र कुणी फारसं बघत नसे. पण दुसऱ्याच्या नावावर उडणं तेव्हाही नियमाबाहेरच होतं, आणि कारखान्याला कळलं तर इंजिनिअरांची नोकरी जाण्याजोगी गोष्ट. त्यांनी बजावलं होतं, कुणापाशी बोलू नकोस. उतरल्यावर याने तिकिटाचा उरलेला तुकडा विमानतळावरच फाडून टाकला, कारण त्यावर नाव त्यांचं होतं. ज्या माणसाने आपल्याला घरी धाडलं त्याला अडकवायचं नाही, म्हणून हा खुनाच्या प्रयत्नाचा आरोप अंगावर घेऊन गप्प बसला होता. गोळ्या बायकोसाठी राखल्या होत्या.

"काय दिसलं वरून?" मी विचारलं. कामाचा प्रश्न नव्हता तो, पण राहवेना.

म्हणाला, आधी घाटाचे कडे दिसले. मग एकदम ओळखीचं सगळं. उजव्या अंगाला माहुली गडाचे सुळके, त्यामागे तानसा धरणाचं पाणी, आटलेलं. खाली शेतं आणि त्यांत भाजलेल्या राबांचे काळे चौकोन, घोंगडीला ठिगळं लावावीत तसे. "माज्या घरावरनंच गेलो सायेब. ती खाली दवाखान्यात, मी वर. पन उतरता थोडीच येतं?" घरावरून पुढे मुंबईला जायचं, तिथून रिक्षा, लोकल, कल्याण, एसटी करत पुन्हा मागे यायचं. विमानाला लागला त्याच्या दुप्पट वेळ त्याला तिथून परत यायला लागला होता.

मी मनात हिशेब केला. त्याने सांगितलेली वेळ धरली तर चारची एसटी गावच्या रस्त्याने धूळ उडवत गेली तेव्हा हा गडी साधारण तिच्या डोक्यावर असणार.

हे मला पटलं, पण फायलीला पटायला हवं होतं. प्रवाशांच्या यादीत त्याचं नाव असणार नव्हतं. मोठे साहेब भले होते, पण म्हणाले, गोळ्या-कापसावर मी माणूस कसा सोडू? लेखी जबाब आणा. इंजिनिअरांचं नाव तर हा सांगायला तयार नव्हता. मी वाशिंदच्या कारखान्यातून फक्त नागपूरच्या कामाचा फोन नंबर मिळवला, कारण न सांगता. फोनवर इंजिनिअरच आले. मी त्यांना कायदा शिकवला नाही की धाक घातला नाही. एवढंच म्हणालो, तुम्ही ज्याला घरी पाठवलंत तो घरी पोचलेला नाही, माझ्या कोठडीत आहे. ते म्हणाले, "आज रात्रीच्या गाडीत बसतो."

आणि बसले. आरक्षण नव्हतं, उभ्याने आले. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यासमोर घामेजलेल्या शर्टात बसून त्यांनी जबाब दिला, तिकीट माझं होतं, मी स्वखुशीने दिलं, त्याला विमानतळावर मी स्वतः सोडलं. खाली सही केली. मी सांगितलं, हा कागद न्यायालयात जाईल, तुमच्या कारखान्यालाही कळेल. ते म्हणाले, कळू दे. सुशिक्षित, चांगल्या पगाराचा माणूस पोलीस ठाण्याची पायरी किती नाखुशीने चढतो हे मला ठाऊक आहे. अपघात बघितलेले लोकसुद्धा साक्ष नको म्हणून तोंड फिरवतात. हे गृहस्थ आपल्याच विरुद्ध जाईल असा जबाब द्यायला रात्रभर उभे राहून आले होते. त्यांच्याबद्दल मला तेव्हा जे वाटलं ते आजही तसंच वाटतं, आणि त्याला कृतज्ञता याखेरीज दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

आता प्रश्न राहिला खबर देणाऱ्याचा. जो माणूस आकाशात होता तो याला ओहोळात कसा दिसला?

त्याला बोलावलं. हा बोलका, हसतमुख, शिपायांशी ओळख ठेवणारा. अशी माणसं ठाण्यात आली की आधी चहाची चौकशी करतात. मी त्याला प्यायला दिलाही. मग सहज म्हटलं, अरे, तो तर नागपूरला होता म्हणतो. तो हसला. "कसला नागपूर सायेब. कल्यानास्नं फोन केलेला. नागपुरास्नं कोन एका दिसात येतो? त्याला पुष्पक इमान धाडलाय काय, असा मीच बोललो तवा दुकानात."

बाकड्यावरचा तो थट्टेखोर हाच होता. मी कप बाजूला सरकवला. म्हटलं, "म्हणजे तू त्याला पाहिलं नाहीस. तू हिशेब केलास."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं, फक्त त्यात जीव उरला नाही. मी त्याला सांगितलं की चार वाजता तो पोरगा विमानात होता. त्याला ते आधी खरंच वाटेना. दोनदा विचारलं, विमानात? आपल्या गावचा? मग मान खाली गेली.

म्हाताऱ्याचे साग हा चोरून तोडत होता. पातेरा गोळा करायला गेलेल्या म्हाताऱ्याने त्याला ऐन तोडीत पकडलं. फॉरेस्टवाल्यांना सांगतो म्हणून तो पाठ फिरवून निघाला आणि याने कुऱ्हाडीचा दांडा घातला. सकाळचा फोन त्याच्या डोक्यात होता. पुतण्या खोटं बोलून कल्याणात बसलाय, म्हणजे आज तो कुठे होता हे त्याला धड सांगता येणार नाही, आणि भांडण तर गावाला माहीतच आहे. गावातल्या कुणीही केला असता तसाच तो हिशेब होता. नागपूरचं अंतर सगळ्यांनी रेल्वेनेच मोजलं होतं.

पोलिसापुढची कबुली न्यायालयात चालत नाही, हे वाचकांना माहीत असेल. म्हणून पंचांसमक्ष त्याचं निवेदन नोंदवलं. त्याने ओहोळाच्या करवंदीच्या जाळीतून कुऱ्हाड काढून दिली, दांड्यावर डाग होते, आणि लपवलेले सागाचे ओंडकेही दाखवले. त्याच संध्याकाळी ठाणे शहरातल्या दवाखान्यातून फोन आला, म्हातारा शुद्धीवर आला. त्याने तेच नाव घेतलं.

पुतण्याला सोडण्याचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे गेला, कलम १६९ खाली. आदेश हातात यायला आणखी एक दिवस गेला. इंजिनिअर तोवर मुरबाडातच एका लॉजवर थांबून राहिले. मी म्हटलं, तुमचं काम झालं, तुम्ही जा. ते गेले नाहीत.

कोठडीचं दार उघडलं तेव्हा ते ठाण्याच्या पडवीत उभे होते. पुतण्या त्यांच्या पायाशी वाकला. "सायेब, मी नाव नव्हतं सांगितलं," एवढंच म्हणाला. त्यांनी त्याला उठवलं आणि विचारलं, "पोचलास का रे घरी?"

"नाय सायेब," तो म्हणाला. "अजून नाय."

ठाण्यापासून दवाखाना हाकेच्या अंतरावर. जीप होती, पण आम्ही चालतच गेलो, मधे तो, एका बाजूला इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला मी गणवेशात, गावाने बघावं म्हणून. एसटी स्टँडवरची माणसं उठून उभी राहिली. काकू फाटकापाशीच होती. तिने त्याला आत नेलं, पाळण्यातली पोर उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "घे. बघ, तुजीच वाट बघत होती." नागपूरहून मुंबईपर्यंत त्याला सव्वा-दीड तास लागला होता, आणि स्टँडवरून या खाटेपर्यंत पाच दिवस. त्याने खिशातून त्या दोन गोळ्या काढल्या, मुद्देमालातून नुकत्याच परत मिळालेल्या, आणि बायकोच्या उशाशी ठेवल्या. मी बाहेर येऊन उगाच शिपायावर ओरडलो, कारण डोळे पुसायला काहीतरी निमित्त हवं होतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. हेच, की माणूस खोटं बोलतोय असं ठरवण्याआधी आपण त्याचं अंतर कशाने मोजतोय ते बघावं. पुढे कितीतरी चौकशांत मला याचा उपयोग झाला. पण खरी गोष्ट ही, की शहाणपण मी एकट्याने मिळवलं नाही. नवरा मरणाच्या दारात असताना एका बाईने मला सांगितलं, विचारा, सांगेल तो. एका माणसाने आपलं नाव पणाला लावलं. त्या दोघांनी माझ्या हातून एक निरपराध माणूस वर्षानुवर्षं तुरुंगात जाण्यापासून वाचवला. त्यांचं देणं माझ्यावर आहे आणि ते मला आवडतं. इंजिनिअरांना कारखान्याने समज दिली, नोकरी राहिली. मला ते दर दिवाळीला फोन करत.

बारशाला मी गेलो होतो. म्हातारा डोक्याला पट्टी बांधून पाळण्यापाशी बसला होता. टहाळीचं भांडण मिटलं होतं का? नाही. पाहुणे बसलेले असतानाच काका-पुतण्यात ऐनाच्या झाडावरून पुन्हा दोन शब्द झाले. पण मुलीच्या कानात सांगायचं नाव म्हाताऱ्यानेच सुचवलं होतं. दुकानातली ती थट्टा त्याला कुणीतरी दवाखान्यात सांगितली होती. तो म्हणाला, इमान आला होता ना खरंच? मग पोरीला त्याचाच नाव.

सगळ्यांची नावं मी गाळली, पण हे एक राहू द्या. काकूने पाळण्यात वाकून तिच्या कानात सांगितलं, पुष्पा.